बिनसहीची मोटार

पल्हाद,

तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले आणि माझ्या डोळ्यातून अजून टिपूस आलं नाही. घरातले माझ्याकडं चोरून बघतात. जिगरी दोस्त गेला, सख्ख्या बहिणीचा नवरा गेला, अन् हा नामा पेंटर बसलाय पॉलिश पेपर घासत. बघू देत. मला आधी तुझ्याशी भांडायचं आहे, रडायचं काय ते मागून बघू. चाळीस वर्षांचं भांडण अर्धवट टाकून निघून जायला तुला लाज कशी नाही वाटली?

तसा तू पहिल्यापासून पळपुटाच. मी विषय काढला की तुला कूलरमध्ये पाणी टाकायचं आठवायचं. लातुरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, अन् तुझा कूलर मात्र मी आलो की तहानलेला! एकदा तर भर थंडीत उठलास बादली घेऊन. कुसुम हसली, तुझा सुगत हसला, मीही हसलो. मनात म्हटलं, पळ बेट्या, किती पळतोस, एक दिवस समोर बसवून विचारतो की नाही बघ. तो दिवस काही आला नाही.

परवा सुगत आला, लातूरहून एस्टीनं, मांडीवर खोका धरून. म्हणाला, "मामा, पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबांच्या फोटूशेजारी ही ठिवायची हाय. रंग लई उडालाय. आई म्हणली, मामाबिगर दुसऱ्या कुणाच्या हाताला लावू द्यायची न्हाई." खोका उघडला तर आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली आपली मोटार. वितीला थोडी कमी, डाळिंबी रंगाची, उघड्या टपाची, लांबलचक बोनेटाची, निजामाच्या अमलातल्या मोटारीचा हुबेहूब नमुना. रिटायर होताना ऑफिसनं तुला देऊन टाकलेली. खाली सागवानी पाट, आणि पाटावर पितळी पाटी. पाटीवर तुझं नाव, आडनाव, हुद्दा, आणि पुढं 'यांनी तयार केलेली'.

यांनी! एकट्यांनी!

माझं नाव कुठंच नाही. बोनेटवर नाही, बुडाला नाही, पाटीवर नाही. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आपण दोघं चाळीस वर्षं एका पंगतीला बसून जेवलो. सुगत गेल्यावर मी मोटार हातात घेऊन तुला सांगितलं, मोठ्यांदा सांगितलं, आमची ही आतून बघायला आली. म्हटलं, पल्हाद, आता तुला कुठं जाता यायचं नाही. ह्या गाडीला मी अशी करतो की लोकांनी तुझ्या फोटोकडं बघू नये. ही पाटी काढतो, माझी सही करतो, आणि पुण्यानुमोदनाच्या सभेत सगळ्या पाव्हण्यारावळ्यांदेखत उभं राहून सांगतो की ही कुणाची गाडी, आणि तुझी नोकरी कशावर लागली.

सुरुवात तुझ्यामुळं झाली हे मी नाकारत नाही. आपली दोन दुकानं नांदेडला भिंतीला भिंत लागून. तुझं मोटार वायंडिंगचं, माझं बोर्ड अन् ट्रक रंगवायचं. तो दुष्काळ. विहिरीचं पाणी खाली गेलं तसे पंप कोरडे फिरायला लागले अन् जळायला लागले. तुझ्या दारात जळक्या मोटारींचा ढीग. मला वाटलं, पल्हादची चांदी झाली. मग विहिरी पार ठणठणीत झाल्या. पाणीच नाही तर पंप कोण चालू करणार, अन् जळणार काय? तुझ्या दारातला ढीग नाहीसा झाला. तू दिवसभर खुर्चीत बसून रस्त्याकडं बघायचास.

माझं उलट होतं. लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झालेला. मी तिकडं कामाला जायचो, जिथं बघावं तिथं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसायचं अन् 'जिल्हा लातूर' लिहायचं. शाळा, दवाखाने, चावड्या, मैलाचे दगड. त्यात दुष्काळाचे टँकर, प्रत्येकावर 'पिण्याचे पाणी' लिहायचं. माझा ब्रश वाळत नव्हता. तुला ते बघून काय वाटत असेल, ते तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अशात ते डॉक्टर आले, परदेशातून आलेले. पोरांचा मोटारी पळवायचा खेळ बिघडलाय म्हणून खोका घेऊन. काळा रस्ता, रस्त्याच्या मधोमध खाच, खाचेच्या दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखाली एक खुंटी, ती खाचेत बसते. खुंटीच्या दोन बाजूंना तांब्याच्या दोन वेण्या, त्या पट्ट्यांवर घासत जातात, तिथनं करंट. गाडीला स्टिअरिंग नाही. हातातल्या बटणानं फक्त वेग कमी-जास्त. जास्त दाबलं की वळणावर गाडी खाचेतून उडालीच. तू ती करंगळीएवढी मोटार केसासारख्या तारेनं परत गुंडाळलीस, गाडी चालू केलीस, आणि तीन दिवस डॉक्टरांना खेळ परत दिला नाहीस. आपण दोघं घोडे जमिनीवर पालथे पडून खेळत होतो.

"नामा," तू म्हणलास, "ही प्लास्टिकची हाय. आपुन खरी करू."

"खरी म्हंजी?"

"जुनी. निजामाच्या टायमाची."

स्टेशनकडं यूसुफचाचांच्या गॅरेजात तशी एक मोटार विटांवर उभी होती. कुण्या तालुकदाराची म्हणायचे. चाकं कुजलेली, पण अंगकाठी काय होती! आपण सुतळी घेऊन तिची मापं घेतली. चाचा खाटेवरून बघत होते. "क्या नापते रे," म्हणाले, "शेरवानी सिलाते क्या इसकू?" फुटाला अर्धा इंच असा हिशोब तू धरलास. मी सिगारेटच्या पाकिटावर बोनेटच्या फटी मोजून लिहिल्या. एका बाजूला बावीस, दुसऱ्या बाजूला एकवीस. तू म्हणलास दोन्हीकडं बावीस करू. मी म्हटलं एकवीस म्हणजे एकवीस, जी गाडी आहे तीच करायची. ते भांडण मी जिंकलो. आजही डाव्या अंगाला एकवीसच आहेत, काल मोजल्या.

अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, हलकं, कोरायला लोण्यासारखं. बोनेट डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं. रेडिएटरची जाळी चहाच्या गाळणीची, आणि ती माझ्या घरची गाळणी होती, म्हणून आईनं दोन दिवस चहा फडक्यातनं गाळून दिला, शिव्यांसकट. दिव्यांना टिचबटणं. सीटला पेटीच्या फाटक्या भात्याचं कातडं. चाकाचे आरे तू वायंडिंगच्या तारेचे केलेस, पितळी कड्यात एकेक तार डागून. त्याला मी काही बोलणार नाही. ते तूच केलंस, आणि तसं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आरे डागताना तू श्वास धरायचास आणि मी पण धरायचो, उगीच. टायर हवाई चप्पलच्या तळाचे. चौथा टायर कमी पडला म्हणून तू माझ्या पायातली चप्पल काढून घेतलीस आणि मी भर उन्हात अनवाणी घरी गेलो.

आणि रंग? तो कुणी दिला? सांग ना आता!

पहिला हात रेड ऑक्साइडचा. त्यावर लप्पम, म्हणजे खाचखळगे बुजवायचा लेप, घासून घासून असा की बोट फिरवलं तर लाकूड कुठं अन् पत्रा कुठं कळू नये. मग डाळिंबी रंगाचे तीन हात, दोन हातांच्या मध्ये दोन-दोन दिवस वाळवण, वर ओलं फडकं बांधलेली पेटी म्हणजे धूळ बसू नये. दुष्काळात धूळ किती, आठव. ओलं फडकं करायला पाणी पिण्यातलं घेत होतो. मग सोनेरी रेघ, बोनेटच्या नाकापासून पार स्टेपनीपर्यंत, एका दमात, हात न उचलता. घड्याळं, काटे, आकडे, सगळं एका केसाच्या ब्रशनं. ड्रायव्हर तू कोरलास, तोंड मी काढलं. तुला साहेबी गॉगलवाला गोरा पाहिजे होता. मी त्याला आपल्याकडच्या मिशा दिल्या. तू म्हणलास, "हा काय जळकोटचा पाटील हाय का?" मी म्हटलं, जळकोटचा पाटील नाही, तुझा होणारा मेव्हणा आहे. तेव्हा कुसुमची अन् तुझी सोयरीक ठरलेली. तू लाजलास, कान लाल. तेव्हा तू मला फार आवडायचास, पल्हाद. हे सांगताना आत्ता मला तुझा इतका राग येतोय की ब्रश बाजूला ठेवावा लागला.

गाडी पळवून बघितली ती उघड्या लाकडावर, रंगाच्या आधी. पहिल्याच वळणावर उडून भिंतीला धडकली, नाक फुटलं. तू बुडाला शिशाची पट्टी लावलीस, मग चिकटून पळायला लागली. रस्ता म्हणून प्लायच्या दोन फळ्या, त्यात सुताराकडून खाच पाडून घेतलेली, आणि ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या पट्ट्या. हातातलं बटण तू इस्त्रीच्या कॉइलचं केलेलं, दोन मिनिटांत हात भाजायचा.

नव्या जिल्ह्याचं म्हणून लातूरला प्रदर्शन भरणार होतं. आणि तिथल्या ऑफिसात धरणांचे, रस्त्यांचे नमुने करायला एक नमुनाकार घ्यायचा होता. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, प्रदर्शनात ज्याचं काम उजवं त्याला घेऊ. जागा एक. हे आपल्या दोघांना माहीत होतं. मी म्हटलं, प्रदर्शनाच्या फारमवर दोघांची नावं घालू, साहेब ठरवतील कुणाला घ्यायचं ते. तू मान हलवून म्हणलास, हाव. एवढंच, हाव. त्या 'हाव'वर मी चाळीस वर्षं बसून आहे.

तेव्हा मी सही का नाही केली, हे लोक मला विचारतील. त्यांना काय सांगायचं? आमच्या धंद्यात ट्रक रंगवला की पेंटर लगेच सही करत नाही. मालक गाडी रस्त्यावर काढतो, पहिली फेरी मारून येतो, मग पेंटर मागच्या फळीच्या कोपऱ्यात सही करतो. लिंबू-मिरची आपण मानणारे नाही, पण हा नियम माझ्या उस्तादानं मारून मारून शिकवलेला. न चाललेल्या गाडीवर सही करायची नाही. रंग दिल्यावर आपली मोटार चालली नव्हती. म्हणून मी म्हटलं, पहिली फेरी प्रदर्शनात होऊ दे, सगळ्यांसमोर सही करतो. कसला शहाणा मी!

आणि तेवढ्यात धर्माबादचं बोलावणं आलं. टँकर उभे होते, नाव लिहिल्याशिवाय सुटायचे नव्हते. गावं घागरी घेऊन वाट बघत असताना मी गाडीच्या हौसेपायी नाही कसा म्हणणार? गेलो. एकेका टँकरवर दोन्ही अंगांना 'पिण्याचे पाणी', 'पिण्याचे पाणी'. दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं. तिथनं मी सुटलो तो थेट लातूरची गाडी पकडली, खिशात रेघ मारायचा ब्रश, रॉकेलच्या फडक्यात गुंडाळलेला.

मांडवात ही गर्दी. गर्दीच्या मधोमध आपली मोटार सुसाट फिरत होती. लोक 'ओहोहो' करत होते. मला इतका आनंद झाला की मी लोकांना कोपरानं ढकलत पुढं गेलो. आणि समोर पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर तुझं एकट्याचं नाव. साहेबाचा हात तुझ्या खांद्यावर. तू मला बघितलंस. बघितलंस ना? खरं सांग. तुझी नजर माझ्यावर आली आणि खाली गेली. मी वळलो आणि तसाच बाहेर पडलो. स्टँडवर येऊन ब्रश फेकून दिला. चांगला ब्रश होता.

आठ दिवसांनी तू माझ्या दारात उभा. "नामा, नोकरी लागली." मी म्हटलं, "बरं झालं." पुढं तू तोंड उघडलंस, पण बोलला नाहीस. मी खाली बघून रंग ढवळत राहिलो. तीन महिन्यांनी कुसुमचं लग्न झालं. वडील नव्हते, मीच बापाच्या जागी. तुझ्या गळ्यात हार घालताना तो आवळावा असं वाटलं होतं, हे आता सांगतो.

तेव्हा बोललो नाही तो कुसुमपायी. तिचं घर त्या नोकरीवर उभं राहिलं. भांडलो असतो तर तिच्या ताटात माती पडली असती. मग मी माझे बारीकसारीक सूड घेत गेलो. एकट्यात तुला अरे-तुरे करणारा मी चारचौघांत 'दाजी, बसा', 'दाजी, पाणी घ्या' करायचो, असा गोड की तुला घास गिळवत नसे. तू घर बांधलंस तेव्हा दारावरची नावाची पाटी मीच रंगवली, आणि मुद्दाम वरून वॉर्निश मारलं नाही. म्हटलं, पावसानं ह्याचं नाव पुसून जाऊ दे. तर तुझं नशीब बघ! लागोपाठ तीन वर्षं लातुरात पाऊसच पडला नाही. तुझं नाव तसंच्या तसं, चकचकीत!

आणि तू काय करायचास? मला काम पाठवायचास. ट्रकवरची चित्रं गेली, बोर्डांची जागा फ्लेक्सनं घेतली, मी दुकानात माश्या मारत बसायचो. तेव्हा लातूरहून निरोप यायचा: धरणाचा नमुना केलाय, रंग नामाच देणार. मी कुरकुरत जायचो. त्याच्याही आधी, भूकंपानंतर किल्लारीच्या नव्या गावठाणाचा नमुना केलास, त्याच्या घरांना आपण दोघांनी मिळून रंग दिला. काडेपेटीएवढी घरं, ओळीनं. तू मध्येच थांबलास. म्हणलास, "नामा, ह्या घरात ऱ्हायला कोण उरलंय, आपल्याला तरी म्हाईत हाय का?" आणि ढसाढसा रडलास. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्या दिवशी मला तुझा राग आला नाही. एकच दिवस. माझ्या पोरीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तू सहा दिवस बाकावर बसून काढलेस, त्या सहा दिवसांतला राग मी सातव्या दिवशी एकदम काढला, मनातल्या मनात.

तर हे आठ दिवस मी गाडीच्या मागं लागलोय. रंग खरवडला. लप्पम अजून दगडासारखं टणक, माझं काम आहे ते. आऱ्यांच्या दोन तारा सुटल्या होत्या, डागल्या, पण तुझ्यासारख्या नाही जमल्या. टायर चुरा झाले होते, नवे कापले. नव्या वेण्या लावल्या. तीन हात रंग दिला. सोनेरी रेघ आता एका दमात बसत नाही, सात वेळा पुसली, आठव्यांदा बसली. मग पाटावरची पितळी पाटी खिळ्यांसकट उपटली आणि टर्पेंटाइनच्या डब्यात टाकली. पाटावर, गाडीच्या बुडाशेजारी, लाल अक्षरात लिहिलं: पेंटर नामा, नांदेड. जेवढं बारीक लिहायची आमची रीत आहे त्याच्या दुप्पट मोठं लिहिलं. आणि काय सांगू, छाती थंड झाली.

इथवर लिहून झालं होतं, आणि काल कुसुम आली. गाडी न्यायला सुगत येणार होता, पण ही पण आली, पांढऱ्या लुगड्यात. मोटारीकडं बघत राहिली, ड्रायव्हरच्या मिशांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "दादा, पाटी कुठंय?"

मी सांगितलं. सुगतला मुद्दाम बाहेर पाठवलं नाही. म्हटलं, ऐकू दे त्यालाही त्याच्या बापाची करणी. दोन नावांचं ठरलेलं, तू हाव म्हणलेला, मी धर्माबादला टँकर रंगवत असताना तू लातूरला जाऊन फारमवर एकट्याचं नाव खरडलेलं, सगळं सांगितलं. आवाज चढला माझा. म्हटलं, तुझा नवरा मेलाय म्हणून मी गप्प बसणार नाही, गप्प बसलो ते तो जिवंत होता म्हणून. सभेत सांगणार आहे, तुला यायचं तर ये, नाहीतर कान झाकून घे.

कुसुमनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "फारम त्यांनी न्हाई भरला. मी भरला."

"काय?"

"लातूरला न्हाई. हितं, आपल्या घरात. तू धर्माबादला गेलास त्या दिवशी ते फारम घिऊन आले, माझं अक्षर चांगलं म्हणून. दोन नावं सांगितली. आदी तुझं, मग त्यांचं. सांगून दुकानात गेले. मी एकच लिवलं, पाकीट बंद केलं अन् टपालात टाकलं."

"कामून, कुसे?"

"कामून म्हणून मलाच इचारायलास?" तिचा आवाज लहानपणी व्हायचा तसा झाला, बारीक. "समद्या पाव्हण्यांदेखत तूच म्हणला होतास न्हवं, नोकरी लागल्याबिगर ह्या वायंडरच्या घरात माझी बहीण जायची न्हाई म्हणून? जागा एक होती, दादा. तुझ्याकडं आख्ख्या जिल्ह्याचे बोर्ड होते. त्यांच्याकडं काय होतं? दुकानात खुर्ची टाकून बसून ऱ्हायलेले दिवसभर."

म्हणालो होतो मी. पल्हाद, खरंच म्हणालो होतो, आणि विसरून गेलो होतो. मोठेपणा म्हणून म्हणालो होतो, बापाच्या जागी आहे म्हणून.

ती पुढं सांगत होती. तुला मांडवात कार्ड बघून कळलं. त्याच दिवशी तू नांदेडला आलास, मी घरात नसताना तिच्यापुढं उभा राहिलास, म्हणालास, उद्या जाऊन साहेबाला सांगतो, नामाचं नाव घालून घेतो. ती तुझ्या पाया पडली. तेव्हा तू तिला उठवलंस आणि म्हणालास, ठीक आहे, पण हे नामाला कधी कळता कामा नये. "माझ्यावर रागावला तर रागावू दे," असं म्हणालास म्हणे. "तुझ्यावर रागावला तर तुला म्हायेर ऱ्हायचं न्हाई."

सुगत खाली बघत होता. कुसुम म्हणाली, "आता माझ्यावर रागव, दादा. काय बोलायचं ते बोल. सभेत बी बोल, मी समोरच बसते."

मी तोंड उघडलं. तुझ्यासाठी माझ्याकडं चाळीस वर्षांच्या शिव्या होत्या, वेचून, घासून ठेवलेल्या. हिच्यासाठी एक सापडेना. ही दर उन्हाळ्यात पोराला घेऊन माझ्या घरी आलेली, आंबे चोखत ओट्यावर बसलेली, माझ्या पोरींच्या वेण्या घालून दिलेली. तू फक्त सोडायला यायचास. दारातनंच परत जायचास, मी बस म्हणत नव्हतो म्हणून. मी उठलो, डब्यातनं पाटी काढली, पुसली आणि होती तिथं ठोकली. माझी सही पाटीच्या खालच्या अंगाला तशीच राहिली. कुसुम म्हणाली, पुसू नको.

ते दोघं गाडी घेऊन गेले. उद्या सभा आहे. मी येणार आहे, मला बोलायला सांगितलंय, आणि पाठ केलेलं सगळं वाया गेलंय.

पण तू सुटलास असं समजू नको. तू साहेबासमोर उभा होतास तेव्हा तोंड होतं तुला. माझ्या दारात आलास तेव्हाही होतं. एकदा, नुसतं एकदा बोलला असतास, तर मी दोन दिवस तुमच्या दोघांशी बोललो नसतो आणि तिसऱ्या दिवशी जेवायला आलो असतो. तू माझ्या बहिणीचं माहेर राखलंस आणि त्यासाठी मला आयुष्यभर तुझा वैरी करून ठेवलंस, न विचारता. आता मला तुझी माफी मागायची आहे, पल्हाद, आणि तू नाहीस. हे मात्र मी तुला कधीच माफ करणार नाही.